पाठवले तेच पोहोचले का?

वरोरा तालुक्यातल्या वडगावला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे एक दानपत्र सापडले आहे. ते पाचव्या शतकातले असून तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले आहे. याच राजाचे अमरावती जिल्ह्यातल्या चम्मक येथील दानपत्र तर सात पत्र्यांचे आहे. या दानपत्रांचा मजकूर इतिहासकारांनी पुष्कळ वाचला आहे. आपण आज त्यांच्या बांधणीकडे पाहू. पत्र्यांना भोके पाडलेली, त्यांतून एक कडी ओवलेली आणि त्या कडीला राजाची मुद्रा. पत्रे सुटे ठेवले असते तर मधला एखादा काढून तिथे दुसरा घालणे, एका गावाच्या जागी दोन गावे लिहिणे, कोणाही हुशार कारागिराला साधले असते. कडी कापल्याशिवाय ते जमणार नाही, आणि कडी कापली की कापल्याचे दिसणार. दान राजधानी प्रवरपुरातून सुटायचे, घेणारा दूरच्या खेड्यात असायचा आणि मधल्या वाटेचा किंवा पुढच्या पिढ्यांचा भरवसा कोणालाच नव्हता. आज बल्लारपुरात कोणी इंटरनेटवरून एखादी फाइल उतरवून घेतो, ती उघडत नाही, किंवा उघडते पण भलतेच काही करू लागते, तेव्हा तो याच प्रश्नापाशी येऊन उभा राहतो. पाठवणाऱ्याने पाठवले तेच माझ्या हाती आले आहे का?

कडी आणि मुद्रा एवढ्यावर भागले असते तर पुढचा इतिहास घडलाच नसता. मुद्रेचीही नक्कल होते. बनावट ताम्रपट ही भारतीय पुराभिलेखविद्येतली एक नेहमीची डोकेदुखी आहे. सातव्या शतकातल्या हर्षवर्धनाच्या मधुबन ताम्रपटात तर राजाने स्वतःच सांगितले आहे, की वामरथ्य नावाचा ब्राह्मण कूटशासनाच्या, म्हणजे खोट्या दानपत्राच्या, आधारावर एक गाव उपभोगत होता. ते शासन मोडून गाव दुसऱ्यांना दिले आहे. हा मजकूर महत्त्वाचा आहे, कारण खुद्द राजसत्तेने इथे कबूल केले आहे की हातातल्या वस्तूवरची खूण तेवढ्याने पुरावा ठरत नाही. खूण खरी की खोटी हे ठरवायला त्या वस्तूच्या बाहेरचे काहीतरी लागते. हा धागा आपल्याला शेवटपर्यंत धरून ठेवायचा आहे.

पण सगळेच नुकसान लबाडीने होत नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला सिद्ध झाली. पुढची जवळजवळ तीनशे वर्षे ती हाताने उतरवून घेतली गेली, एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. लिहिणाऱ्याचा डोळा एक ओळ चुकतो, अक्षर सारखे दिसते म्हणून शब्द बदलतो, जुना शब्द कळला नाही म्हणून त्या जागी ओळखीचा बसतो. शिवाय काही हौशी हातांनी आपल्या ओव्याही आत सरकवल्या. एकनाथांनी वेगवेगळ्या प्रती जमवून, ताडून, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली आणि यापुढे यात कोणी स्वतःची ओवी घालू नये असे बजावून ठेवले. मराठीतले पाठचिकित्सेचे हे पहिले मोठे काम. एकनाथांपुढे नुकसानीचे दोन वेगळे प्रकार होते. नकलताना झालेली चूक हा एक, आणि जाणूनबुजून केलेला प्रक्षेप हा दुसरा. दोन्हींनी ग्रंथ बिघडतो, पण दोन्हींवरचा उपाय एक नव्हे. चूक आंधळी असते, ती कुठेही पडते आणि चार प्रती शेजारी ठेवल्या की बहुधा उघडी पडते. प्रक्षेप करणारा मात्र विचार करतो. तो छंद सांभाळतो, भाषा सांभाळतो, आपण सापडू नये याची काळजी घेतो. संगणकाच्या काळात हाच फरक लोक वारंवार विसरले आणि त्याची किंमत फार मोठी पडली.

मराठेशाहीच्या दप्तरात शिरलो की आपल्याला या दोन्ही धोक्यांवरची व्यवस्था एकाच कागदावर दिसते. पत्राच्या माथ्यावर शिक्का. शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशा अक्षरांची छोटी मुद्रा, जिच्याखाली लिहिलेले काहीही पत्राचा भाग नाही. मजकूर लांबला आणि कागदाला कागद चिकटवावा लागला, तर मागच्या बाजूला नेमक्या जोडावर शिक्का, म्हणजे तिथून एक ताव काढून दुसरा लावला तर शिक्क्याचे दोन अर्ध जुळणार नाहीत. कडीचे काम आता शाईने होऊ लागले. याहूनही मोलाची गोष्ट पत्राबाहेर घडत असे. सनदेची नोंद दप्तरात होई, नोंद झाल्याचे शेरे कागदावर पडत. वाद आला तर गावातला कागद आणि दप्तरातली नोंद समोरासमोर ठेवता येत. कागद एका वाटेने गेला, त्याची साक्ष दुसऱ्या जागी राहिली. शिक्क्याची भव्यता डोळ्यात भरते म्हणून आपण त्याचे कौतुक करतो; माझ्या मते खरा शोध दप्तरातल्या त्या नोंदीचा होता.

आता आपण जंगलात येऊ. बल्लारपूर हे वर्धा नदीकाठचे गोंड राजांचे गाव; खांडक्या बल्लाळशहाचा किल्ला अजून उभा आहे. राजधानी इथून चंद्रपूरला हलल्यावर गाव मागे पडले, आणि पुन्हा पुढे आले ते लाकूड, कोळसा आणि रेल्वे यांच्या जोरावर. इंग्रजांनी १८६५, १८७८ आणि शेवटी १९२७ साली जंगलाचे कायदे केले. त्यांतला १९२७ चा भारतीय वन अधिनियम आजही चालू आहे. सागाचा लठ्ठा तोडीच्या जागेवरून डेपोपर्यंत आणि डेपोतून खरेदीदारापर्यंत जाताना वाटेत काय काय होऊ शकते, याचा विचार या कायद्याइतका बारकाईने फार थोड्या ठिकाणी केलेला आढळेल. लाकडावर वनखात्याच्या हातोड्याचा छाप उमटतो. सोबत वाहतूक परवाना असतो, ज्याला सगळे टीपी म्हणतात. त्यावर नग किती, लांबी आणि गोलाई किती, कोणत्या वाटेने आणि किती तारखेपर्यंत न्यायचे, हे लिहिलेले असते. तपासणी नाक्यावर गाडी थांबली की लठ्ठ्यावरचा छाप आणि कागदावरचा तपशील ताडून पाहिला जातो, आणि परवान्याचे स्थळप्रत पान कचेरीत राहिलेले असते. म्हणजे तीन खुणा, तीन जागी. खोटा छाप मारणे किंवा खरा छाप खरवडणे हा कलम ६३ नुसार दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. बल्लारपूरच्या डेपोतले सागवान देशभर जाते. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली ते इथूनच गेले. एवढ्या लांबच्या प्रवासात माल तोच राहतो तो वाटा सुरक्षित आहेत म्हणून नव्हे, ताडून पाहायची सोय आहे म्हणून.

इंग्रजांचे हे जंगलकायदे होत होते त्याच काळात मजकूर तारेवरून धावू लागला होता. भारतातली सार्वजनिक तारसेवा १८५५ साली सुरू झाली. तारमास्तर मजकुराआधी त्यातले शब्द किती हे कळवत असे. घेणारा उतरवून घेतलेले शब्द मोजे आणि आकडा जुळला नाही तर पुन्हा विचारे. आकडे असलेली तार असेल तर ते आकडे परत म्हणून दाखवण्याची पद्धत होती. आज ज्याला चेकसम म्हणतात, म्हणजे मजकुराबरोबर पाठवलेला पडताळणीचा आकडा, त्याचे हे साधे रूप. शब्द गळला तर यात कळे. शब्दाच्या जागी दुसरा शब्द आला तर मात्र मोजणी जुळूनच येई.

१९२९ साली बल्लारशा, म्हणजे बल्लारपूरचे स्थानक, ते काझीपेठ हा लोहमार्ग पुरा झाला आणि दिल्ली-मद्रास सरळ जोडले गेले. आज हे स्थानक मध्य रेल्वे आणि दक्षिण मध्य रेल्वे यांच्या सीमेवरचे जंक्शन आहे. रेल्वेच्या कामातली एक पद्धत बाहेरच्यांना फारशी ठाऊक नाही, आणि आपल्या कथेत तिला मानाचे पान द्यायला हवे. दोन स्टेशनमास्तर फोनवर गाडीविषयीचा निरोप देतात, तेव्हा त्या निरोपाला ‘प्रायव्हेट नंबर’ जोडतात. प्रत्येक स्टेशनला दोन अंकी आकड्यांचा छापील तक्ता मिळतो, आकडे मुद्दाम उलटसुलट क्रमाने लावलेले. मास्तर त्यातला पुढचा आकडा सांगतो, वापरलेला आकडा खोडतो, दोन्हीकडच्या नोंदवहीत तो लिहिला जातो. तक्ता कुलपात असतो. तारेवर कोणीही कान लावू शकतो, कोणीही मास्तरचा आवाज काढू शकतो; आकडा मात्र कुलपातल्या कागदावरूनच येतो. उघड्या तारेवरून बोलायचे आणि तरीही विश्वास ठेवता यायचा, हे कोडे रेल्वेने असे सोडवले. यात तार सुरक्षित करण्याचा प्रयत्नच नाही. विश्वास तारेबाहेर, वेगळ्या वाटेने आलेल्या कागदात ठेवला आहे.

१९४५ साली बल्लारपुरात बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स ही कंपनी स्थापन झाली आणि गडचिरोलीच्या जंगलातला बांबू कागद होण्यासाठी या गावी येऊ लागला. बांबूच्या गाडीलाही टीपी लागे आणि टीपी वनखात्याच्या हातात असे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकायचा तर परवाना कोण देणार हा प्रश्न उरला. गावाने हट्ट सोडला नाही. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या वतीने देवाजी तोफा यांच्या हाती देण्यात आले. माल तोच, वाट तीच, नाका तोच. पण ‘हा माल आमचा आणि खरा’ अशी सही करण्याचा अधिकार बदलला. खूण कशी आहे याइतकेच ती कोणी करायची हेही ठरवावे लागते, आणि तो प्रश्न शेवटी सत्तेचा असतो. इंटरनेटवरच्या सह्यांचा इतिहास वाचताना मला मेंढ्याचे ते पुस्तक नेहमी आठवते.

संगणकांनी सुरुवात केली ती चुकीपासून, लबाडीपासून नव्हे. १९५० साली बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग याने चूक ओळखणारे आणि दुरुस्तही करणारे संकेत मांडले. १९६१ मध्ये वेस्ली पीटरसन याने सीआरसी ही पडताळणी दिली, जी झिप फाइलच्या पोटात आजही असते. १६ एप्रिल १९७१ रोजी एका यंत्रावरून दुसऱ्यावर फाइल पाठवण्याचा पहिला मसुदा, एफटीपीचा, प्रसिद्ध झाला; तो लिहिणारे अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभियंते. एफटीपीत फाइल दोन रीतींनी जाई, मजकूर म्हणून किंवा जशीच्या तशी. मजकूर म्हणून पाठवली की ओळीच्या शेवटाची खूण घेणाऱ्या यंत्राच्या पद्धतीप्रमाणे बदलली जाई. पत्रासाठी हे सोयीचे, पण चित्र किंवा प्रोग्राम या रीतीने गेला की आतून विद्रूप होऊन पोहोचे. पुढची पंचवीस वर्षे ‘फाइल करप्ट झाली’ या तक्रारींमागचे हे एक मोठे कारण राहिले. १९९६ साली पीएनजी हा चित्रांचा प्रकार ठरवणाऱ्यांनी त्यावर फार देखणा उपाय काढला. प्रत्येक पीएनजी फाइलच्या आरंभी १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० असे आठ आकडे असतात. मधले तीन पी, एन, जी ही अक्षरे. बाकीचे वाटेत हमखास मोडतील असेच निवडलेले. आठव्या बिटाला कात्री लावणारी वाट १३७ बिघडवते, ओळशेवट बदलणारी वाट १३ आणि १० बिघडवते. फाइल उघडणाऱ्याला पहिल्या आठ आकड्यांतच प्रवासात काय झाले ते कळते. जोडावरच्या शिक्क्याचीच ही जात.

इंटरनेटच्या मुळाशी असलेल्या टीसीपीत प्रत्येक तुकड्याबरोबर सोळा बिटांचा चेकसम जातो. तेवढ्याने भागते अशी समजूत बरीच वर्षे होती. २००० साली जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी प्रत्यक्ष वाहतूक तपासली, तेव्हा दर ११०० ते ३२,००० तुकड्यांत एक तुकडा या पडताळणीत नापास होत असल्याचे आढळले, आणि साधारण १.६ कोटी ते १००० कोटींमध्ये एक बिघडलेला तुकडा कोणाच्याही लक्षात न येता पार होत असावा असा अंदाज त्यांनी मांडला. आकडा लहान वाटतो, पण काही गिगाबाइटची फाइल म्हणजे लाखो तुकडे. म्हणून मोठ्या फाइलींशेजारी साऱ्या फाइलीचा एक ठसा, ज्याला हॅश म्हणतात, छापण्याची चाल पडली. रोनाल्ड रिव्हेस्ट याची एमडी५ ही पद्धत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. फाइल कितीही मोठी असो, ठसा बत्तीस अक्षरांचा, आणि फाइलीत एक बिट बदलले तरी ठसा पार वेगळा. चुकीसाठी ती अप्रतिम होती. पण ऑगस्ट २००४ मध्ये चिनी गणिती श्याओयुन वांग यांच्या गटाने एकच एमडी५ ठसा असलेले दोन वेगळे मजकूर दाखवले, आणि २०१२ मध्ये उघडकीला आलेल्या फ्लेम या हेरगिरीच्या प्रोग्रामने याच दुबळेपणाचा आधार घेऊन मायक्रोसॉफ्टची सही असल्याचे सोंग आणले होते. चुकीपुरताच पुरणारा उपाय प्रक्षेपावर वापरत राहिले की असे होते. आज म्हणून एसएचए-२५६ वापरतात. तिचा ठसा चौसष्ट अक्षरांचा असतो.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सुरू केले. फोनच्या तारेवरून रडतखडत येणारी फाइल मध्येच तुटणे हेच तेव्हाचे मुख्य दुखणे. लबाडी आली ती वाट रुंद झाल्यावर. साध्या एचटीटीपीवरून येणारे पान किंवा फाइल कुलूप नसलेल्या पेटीतून येते; मधला प्रत्येक टप्पा ती वाचू शकतो आणि बदलूही शकतो. रिचार्ज संपलेला असतो, आपण झिप फाइल मागतो, आणि इंटरनेट देणारी कंपनी तिच्या जागी ‘पॅक संपला’ असे सांगणारे पान धाडते; ते पान मुकाट्याने झिपच्या नावाने साठवले जाते. हेतू वाईट नसतो, पण हा बदल प्रक्षेपाच्याच जातीचा. जून २०१५ मध्ये बंगळूरच्या एका संगणकतज्ज्ञाला एअरटेलच्या थ्री-जी जोडणीवर स्वतःच्याच संकेतस्थळाच्या पानात त्याने न लिहिलेली जावास्क्रिप्ट आढळली. त्याने पुरावा उघडपणे मांडला, तेव्हा ती यंत्रणा बनवणाऱ्या फ्लॅश नेटवर्क्स या इस्रायली कंपनीच्या वकिलांची नोटीस त्याच्या हाती पडली. आणि मार्च २०१८ मध्ये टोरांटोच्या सिटिझन लॅब या संशोधनगटाने दाखवून दिले, की तुर्कस्तान आणि सीरियात अवास्ट, सीक्लीनर, ऑपेरा, सेव्हन-झिप अशी नेहमीची सॉफ्टवेअर उतरवून घेणाऱ्या काही लोकांना वाटेतच वळवून हेरगिरीचा मजकूर मिसळलेल्या प्रती दिल्या जात होत्या. संकेतस्थळ खरे होते, पत्ता खरा होता, फक्त शेवटचा टप्पा कुलपाविना होता. उतरवलेली फाइल बदलली जाण्याचा इतका उघडावाघडा पुरावा त्याआधी क्वचितच हाती लागला होता.

इथे रेल्वेच्या तक्त्याकडे परत वळणे भाग आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या संगणकप्रणालीचे संकेतस्थळ फोडून हल्लेखोरांनी तिची एक आयएसओ फाइल, म्हणजे प्रणाली बसवण्याची फाइल, आपल्या प्रतीने बदलली. ज्या पानावर फाइलीचा दुवा असतो त्याच पानावर तिचा ठसाही छापलेला असला, तर दुवा बदलणाऱ्याला ठसा बदलायला कितीसा वेळ लागणार? माल आणि खूण एकाच गाडीतून आल्यासारखे ते. याउलट डेबियन या प्रणालीने एप्रिल २००७ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून आपल्या साऱ्या फाइलींच्या ठशांची यादी गुप्त किल्लीने सही करून द्यायला सुरुवात केली. ती सही तपासायची उघड किल्ली वापरणाऱ्याच्या यंत्रात आधीपासून असते. म्हणून डेबियनच्या फाइली कित्येक वर्षे साध्या एचटीटीपीवरून वाटल्या गेल्या तरी वाटेत बदललेली फाइल यंत्र स्वीकारत नसे. किल्लीच्या या जोडीमागची कल्पना डिफी आणि हेलमन यांची, १९७६ सालची. फरक एवढाच की रेल्वेचा तक्ता दोघांकडेही कुलपात ठेवावा लागे. इथे तपासणारी किल्ली जगजाहीर असली तरी चालते.

वाटेलाच कुलूप लावण्याचा दुसरा मार्ग नेटस्केप कंपनीने १९९५ च्या सुमारास एसएसएल आणून खुला केला, पण त्यासाठी लागणारी, संकेतस्थळाची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे बरीच वर्षे पैसे मोजून घ्यावी लागत. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने ती सर्वांना फुकट देणे सुरू केले, आणि जुलै २०१८ पासून क्रोम प्रत्येक साध्या एचटीटीपी पानावर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा मारू लागला. असे कुलूप लावलेल्या एचटीटीपीला एचटीटीपीएस म्हणतात; त्यात प्रत्येक तुकड्याला किल्लीवर आधारलेली पडताळणी असते. वाटेत एक अक्षर बदलले तर जोडणीच तुटते. एवढा लाभ झाल्यावर लोकांनी ठसा ताडणे सोडून दिले, हे मला घाईचे वाटते. कुलूप वाटेची हमी देते. ज्या गोदामातून माल सुटला तिथेच अदलाबदल झाली असेल तर ते काही बोलत नाही.

या साऱ्या प्रवासानंतर, बिघडलेली फाइल समोर असताना शोध कसा घ्यावा हे आपल्याला क्रमाने उमजू शकते. आधी आकार पाहावा. अपेक्षेपेक्षा कमी असेल तर जोडणी तुटली. अवघ्या काही किलोबाइटची असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडावी. आत एचटीएमएलचा मजकूर दिसला, तर फाइलीऐवजी कोणाचे तरी पान आले आहे, बहुधा रिचार्जचे किंवा लॉगिनचे. खऱ्या झिप फाइलीच्या आरंभी पी आणि के ही अक्षरे असतात, तिचा कर्ता फिल कॅट्झ याची आद्याक्षरे. विंडोजच्या प्रोग्रामच्या आरंभी एम आणि झेड, मार्क झ्बिकोव्स्की याची. आकार बरोबर आणि तरी फाइल उघडत नसेल तर ठसा काढावा. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा तो काढून देते. ठसा जुळला नाही की फाइल पुन्हा उतरवावी आणि दोन्ही प्रतींचे ठसे एकमेकांशी ताडावेत, एकनाथांनी पोथ्या ताडल्या तसे. दोन्ही प्रती एकमेकींहून वेगळ्या निघाल्या तर दोष आंधळा आहे, लाइन, डिस्क किंवा मेमरी तपासावी. दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या, पण जाहीर केलेल्या ठशाहून वेगळ्या, तर कोणीतरी ठरवून एकच भलती फाइल देत आहे. मधल्या साठ्यातली जुनी आवृत्ती असेल किंवा बदललेली. मग दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून, एचटीटीपीएसने, पुन्हा मागवावी, आणि ठसा शक्यतो दुसऱ्या ठिकाणाहून मिळवावा. एक गोष्ट हमखास राहून जाते. जुन्या संगणकाची बॅटरी संपून तारीख मागे गेली असेल तर एचटीटीपीएस प्रत्येक प्रमाणपत्र नाकारते, आणि वैतागून लोक इशारा डावलून पुढे जातात. तिथे आधी घड्याळ लावावे.

किल्लीच्या सहीला आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याने १७ ऑक्टोबर २००० पासून मान्यता दिली. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, आणि वडगावच्या दानपत्रापासूनचा जमिनीच्या कागदाचा प्रवास फाइलीपाशी आला. ई-आधार उघडल्यावर पुष्कळांना सहीवर प्रश्नचिन्ह दिसते आणि कागद खोटा असल्याची धास्ती वाटते. प्रश्नचिन्ह म्हणजे सही खोटी असे नव्हे. पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रामच्या विश्वासू यादीत भारतीय प्रमाणन यंत्रणेची मूळ किल्ली नसते, ती एकदा तपासून तिथे जोडावी लागते. दुसरा घोळ छपाईचा. सही फाइलीत असते, कागदावर उमटते ते तिचे चित्र. प्रिंट काढली की सही मागे राहिली. म्हणूनच सातबाऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो. तो महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकला की दप्तरातली नोंद समोर येते. तलाठ्यापासून बँकेपर्यंत प्रिंट हातात घेणाऱ्या प्रत्येकाने तो टाकून पाहायला हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर सातबारा पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून मूळ पीडीएफ पाठवावा, स्क्रीनशॉट नव्हे; मूळ फाइलीत सही शाबूत राहते.

अदलाबदलीची जागा मात्र पुन्हा सरकली आहे. वाटांना कुलपे बसली, तेव्हा लबाडी करणारे वाटेवरून उठून थेट दारात आले. वाहनाचे चलान, सरकारी योजनेचा हप्ता, लग्नाची पत्रिका अशा नावांनी एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर अ‍ॅप बसवणाऱ्या, फाइली मोबाइलवर येतात. अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपवर सही मागतो आणि अ‍ॅपची नवी आवृत्ती जुन्याच किल्लीने सही केलेली असेल तरच घेतो. बसलेल्या अ‍ॅपच्या जागी दुसरे घुसवणे त्यामुळे कठीण आहे. पण अ‍ॅप पहिल्यांदाच बसवताना फोनपाशी ताडायला जुनी सही नसते. कोणीही स्वतःची किल्ली बनवून सही करू शकतो, आणि फोनच्या दृष्टीने ती सही निर्दोष असते. त्या पहिल्या वेळेपुरता तपास माणसालाच करावा लागतो. फाइल आली त्या निरोपातल्या क्रमांकावर नव्हे, तर बँकेच्या पासबुकावर छापलेल्या किंवा कचेरीच्या फलकावर लिहिलेल्या क्रमांकावर फोन करून, ही फाइल तुम्ही पाठवली का, असे विचारून.